दोडक्याची काढणी आणि कृतज्ञतेची वसुली

पावसाळा उलटला, ऑक्टोबरचं ऊन गच्चीवर उतरलं, की अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांमध्ये दरवर्षी एक नवा शेतकरी वर्ग उगवतो. या वर्गाकडे सातबारा नाही, पीककर्ज नाही, पीकविम्याची पावती नाही. आहेत त्या फक्त काही कुंड्या, दोडक्याचा एक वेल आणि 'घरचं आहे हो' हे वाक्य. या वर्गात तुम्ही यंदाच दाखल झाला असाल, तर पुढचं मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. जुन्याजाणत्यांनी वाचलं तरी चालेल. त्यांना आपण काय काय करतो याची उजळणी होईल.

आधी एक गैरसमज मनातून काढा. परसबाग भाजीसाठी नसते. भाजी रस्त्यावर मिळते, स्वस्त मिळते आणि बहुधा बरी असते. परसबागेचं खरं पीक कृतज्ञता आहे. तीही तुम्ही मानायची नव्हे, इतरांनी तुमची मानायची. मानणाऱ्याला काही येत नसलं तरी चालतं, वसूल करणाऱ्याला मात्र तयारी लागते. आणि वसुलीचा हंगाम शरद हाच. सरकारसुद्धा शेतसारा पीक हाती आल्यावरच मागत असे.

1. मुहूर्त धरा

दोडका कोवळा असताना तोडावा, हे कोणीही सांगेल. तुम्ही तोडू नका. कोवळा दोडका फोटोत लहान दिसतो. सोमवारी तयार झाला असेल, तर रविवारपर्यंत थांबा. रविवारी मुलं घरी असतात, उजेड चांगला असतो आणि ज्यांना जळवायचं ते नातेवाईकही मोबाइल हातात घेऊन मोकळे बसलेले असतात. तोपर्यंत दोडक्याच्या शिरा ताठ होतील, आत जाळी धरेल. भाजी म्हणून तो बाद झाला, पण लांबीला दीड वीत भरला. हाच आपला फायदा.

कोणी चव घेऊन तोंड वाकडं केलंच, तर उत्तर तयार ठेवा. कडू निघालं तर देशी, किडकं निघालं तर सेंद्रिय आणि काही निघालंच नाही तर नैसर्गिक.

2. झिरो बजेटसाठी वेगळं बजेट ठेवा

झिरो बजेट नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 साली पद्मश्री मिळालेले. त्यांच्या जीवामृताचं एका एकराचं माप असं: 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि 200 लिटर पाणी. शेतकऱ्याच्या दुकानाच्या खेपा वाचाव्यात म्हणून ही कृती निघाली. तुम्ही तिच्या निमित्ताने दुकानात जा.

त्रैराशिक मांडून बघा. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. तुमची गच्ची 200 चौरस फुटांची. म्हणजे तुमच्या वाट्याला जीवामृत लिटरभरही येत नाही आणि शेण भरतं पन्नास ग्रॅमच्या आत. एवढं शेण मागायला गोठ्यावर जाण्याची छाती कोणाची होत नाही. म्हणून सरळ दोनशे लिटरचा ड्रम आणा आणि पूर्ण एकराच्या मापाने भिजवा. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ढवळा. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव लिटरांचं काय करणार, हा प्रश्न खालच्या मजल्यावरचे लोक लवकरच विचारतील. त्यांना म्हणावं, तो वास नाही, जिवाणू आहेत.

मातीचंही तसंच. वऱ्हाडाची काळी माती कुंडीत भरू नका. ऑक्टोबरात ती भेगाळते, हे एक कारण. खरं कारण म्हणजे ती फुकट मिळते, आणि फुकट मिळालेल्या मातीबद्दल कोणाला कृतज्ञता वाटत नाही, हा या भागातला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. दक्षिणेत नारळाच्या काथ्याचा भुसा दाबून विटा करतात. त्या मागवा, पाण्यात फुलवा आणि त्याला 'माध्यम' म्हणा.

पाण्याविषयी एकच सूचना. तुमचं घर पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-अकोटाकडच्या खारपाणपट्ट्यात असेल, तर बोअरच्या पाण्याने कुंडीवर पांढरा थर धरेल. वेलाला फिल्टरचं पाणी द्या. त्या पट्ट्यातल्या खेड्यांत माणसं गोड्या पाण्यासाठी नळाची वाट बघतात हे खरं. पण त्यांना कुठे दोडके यायचे असतात?

3. वानरांना श्रेय द्या

अमरावतीत वडाळी, छत्री तलाव, पोहऱ्याच्या जंगलाच्या अंगाला राहणाऱ्यांची निम्मी काढणी वानरंच करून टाकतात. वानर एक जांब धरून पूर्ण खात नाही. झाडावरच्या प्रत्येक जांबाला एकेक चावा घेतं, ठरवतं आणि टाकून देतं. याचा राग मानू नका. पाहुण्यांना तोच चावा दाखवा आणि म्हणा, "आमच्याकडे फवारणी नसते ना, म्हणून वानरं आमच्याच घरी येतात." अकोल्यात एवढी सोय नसेल, तर खारीवर भागवा. वानर शनिवारी आलं तर हात जोडावेत. इतर दिवशी ताट वाजवावं.

पहाटेच्या फुलचोरांचा मात्र विचार सोडून द्या. हातात काठी, खिशात कॅरीबॅग, तोंडात नामस्मरण. तुमची जास्वंद वाकवून चार फुलं खुडतात आणि तुम्ही खिडकीत दिसलात तर वर हसून नमस्कारही करतात. यांच्याकडून कृतज्ञता वसूल होत नाही. फूल देवाला जातं, आणि कोणाच्या कुंपणातलं हे देव विचारत नाही.

4. वजन करा, पण खर्च मनातच ठेवा

आपल्या वऱ्हाडात मापाला मोठी परंपरा आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 साली कारंज्याला सुरू झाला. तेव्हा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा गच्चीवर न्या आणि भाजी देठासकट, पानांसकट, चिकटलेल्या मातीसकट ठेवा. टोपलीचं वजन वजा करायची पद्धत फक्त अडत्यांकडे असते. आपल्याला तसला काटेकोरपणा नको.

आता हिशेब. कुंड्या, काथ्याच्या विटा, ड्रम, बियाणं, मांडवाचे बांबू, जाळी मिळून समजा आठ हजार गेले आणि सगळा हंगाम धरून पाच किलो माल निघाला. किलोला सोळाशे रुपये. क्विंटलला एक लाख साठ हजार. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के धरून हमीभाव द्यावा, अशी शिफारस केली होती. त्या सूत्राने तुमच्या दोडक्याचा हमीभाव क्विंटलला दोन लाख चाळीस हजार होतो. सोयाबीनचा 2024-25 सालचा हमीभाव 4,892 रुपये होता, आणि त्या हंगामात बाजार समित्यांमध्ये बराच माल त्याहूनही खाली गेला. या दोन आकड्यांची गाठ एका वाक्यात कधी घालू नका. गावाकडचं कोणी समोर असेल तर मुळीच नको.

5. सीतादही करा, शक्य तितक्या लोकांसमक्ष

वऱ्हाडात कापसाची पहिली वेचणी लागली की सीतादही करतात. घरची बाई वावरात जाते, पऱ्हाटीपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवते, जमिनीला हात जोडते आणि मग बोंडाला हात लावते. ना ब्राह्मण, ना लाउडस्पीकर. दहीभात ठेवणारी तीच, ओट्यात कापूस भरणारी तीच आणि संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवणारीही तीच. इतकी चांगली गोष्ट शहरात कोणी करत नाही याची खंत तुम्हाला वाटायला हवी. वाटत नसेल तर वाटून घ्या. पुढच्या मजकुराला तिचा उपयोग आहे.

तुमच्याकडे पऱ्हाटी नसणार, पण देवकापसाचं एखादं झाड असेल. वातींसाठी पूर्वी घरोघरी असायचंच. त्याला चारदोन बोंडं फुटली की नैवेद्याची तयारी करा. दही पाकिटातलं चालेल. भात मात्र पितळेच्या वाटीत हवा, स्टीलची वाटी फोटोत चमकते. घरातल्या बाईला नऊवारी नेसायची विनंती करा. तिने नकार दिला तर तो मुद्दा तिथेच सोडा, फार ताणू नका. कापूस वेचताना बोटं बोंडाच्या टोकांनी खरचटतात, तो फोटो जवळून घ्या. तेवढा एकच फोटो खरा येतो.

खाली लिहायचा मजकूर: 'काळ्या आईचे ऋण.' आई काथ्याची आहे, हे लिहायची गरज नाही.

6. कृतज्ञतेची वही घाला

रोज झोपताना तीन गोष्टींचे आभार लिहावेत, असं हल्ली सांगतात. परसबागवाल्याला हे सोपं जातं. नमुना:

आश्विन शुद्ध तृतीया. 1. भेंडी. 2. भेंडी. 3. वानर आलं नाही.

आश्विन शुद्ध चतुर्थी. 1. भेंडी. 2. मावा पडला, पण फक्त भेंडीवर. 3. भेंडी संपत आली.

आठवडाभरात वही बंद पडेल. कव्हर चांगलं असेल तर दुधाचा हिशेब त्यात लिहा.

7. डब्याचं तंत्र नीट शिका

या मार्गदर्शनाचा गाभा इथे आहे. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

दसऱ्याच्या सुमारास वेल अंगात आल्यागत फळं धरतो. घरात सलग दोडक्याची भाजी, दोडक्याची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी होऊन मुलांनी संप पुकारलेला असतो. आता माल बाहेर काढायलाच हवा. नवशिका इथे दोडके पिशवीत घालून शेजारी नेऊन देतो. पिशवी परत येत नाही, उपकारही परत येत नाहीत. मिळतो तो फक्त 'अरे वा'. पिशवी वापरू नका. डबा वापरा.

स्टीलचा डबा. त्यावर आजीचं किंवा आईचं नाव सुईने टोचून कोरलेलं, लग्नाची तारीख असल्यास उत्तम. नाव कोरलेला डबा घरात ठेवून घेता येत नाही, परत करावाच लागतो. आणि मराठी घरातून डबा रिकामा परत जात नाही, हा नियम कोणत्याही कायद्याहून जुना आहे. तुम्ही दोन जून दोडके दिलेत की शेजारच्या वहिनी त्या क्षणापासून देणेकरी झाल्या. त्या दोडक्यांचं पुढे काय होतं याची चौकशी करू नका. ते त्यांनी कामवाल्या बाईंना दिले असतील, बाईंनी शेळीला घातले असतील. शेळीकडून आपल्याला काही येणं नाही.

वेळ साधा. डबा दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी गेला पाहिजे. फार लवकर गेला तर त्यातून उकडलेल्या शेंगा परत येतील आणि हिशेब मिटला असं समजलं जाईल. नेमका गेला तर डब्यातून चिवडा येतो, चकल्या येतात. वहिनी मानी असतील तर अनारसे येतात. अनारसे म्हणजे तीन दिवस भिजवलेले तांदूळ, कांडलेलं पीठ, मुरवलेला गूळ, वर खसखस आणि तळताना फसकण्याची टांगती तलवार. हे सगळं दोन दोडक्यांवर. याला म्हणतात उताऱ्याचं प्रमाण. हे प्रमाण कृषी विद्यापीठाच्या कोणत्याही वाणाला अजून साधलेलं नाही.

देताना बोलायचं वाक्य पाठ करा: "काही नाही हो, जास्तीचं होतं. घरचं आहे, औषध नाही मारलेलं." शेवटचा भाग जरा हळू म्हणा, म्हणजे त्यांच्या घरात काय काय औषध मारलेलं खाल्लं जातं ते त्यांना आपोआप आठवेल.

एक धोका सांगून ठेवतो. समोरच्याच्याही गच्चीवर दोडक्याचा वेल असू शकतो. तसं असेल तर संध्याकाळी जिन्यात दोन डबे समोरासमोर येतात, दोघंही हसतात, देवाणघेवाण होते आणि दोन्ही घरांत त्या रात्री पुन्हा दोडकाच शिजतो. यावर उपाय नाही. सहानुभूती आहे.

8. कोहळं घालवण्यासाठी शास्त्राचा आधार घ्या

दोडका डब्यात मावतो. कोहळं मावत नाही. आठ किलोचं कोहळं घरात किती दिवस राहतं, हे ज्याच्या घरी राहिलंय त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी बोंडं होतात. गोड, गुळाची, गरम गरम, फार छान. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोंडं. तिसऱ्या दिवशी घरातला एक माणूस बाहेर जेवून येतो.

कार्तिक शुद्ध नवमीची वाट बघा. तिला कूष्मांड नवमी म्हणतात. त्या दिवशी कोहळ्याच्या आत नाणं किंवा सोनं लपवून दान द्यायची चाल आहे, गुप्तदान म्हणून. तुम्ही त्यातलं नाणं वगळा, गुप्तपणा ठेवा. रात्री साडेदहानंतर कोहळं शेजाऱ्याच्या दारात ठेवून, बेल न वाजवता, अनवाणी परत या. दिलेलं दान परत घेता येत नाही, हे शास्त्रात आहे. परत करता येतं की नाही, याबद्दल शास्त्र गप्प आहे, म्हणून दोन दिवस दार उघडताना जपून.

याच नवमीला आवळीभोजन असतं. आवळ्याच्या झाडाखाली पंगत बसवायची. पूर्वी त्यासाठी लोक गावाबाहेर मळ्यात जात. तुमचा आवळा कुंडीत आहे, गुडघ्याएवढा. तरीही बोलवा. सगळ्यांनी झाडाखाली बसणं शक्य नसल्यामुळे झाड पाटावर ठेवा, पंगत भोवती बसवा. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे असतात. गच्चीवर आर पेटवायला सोसायटी परवानगी देत नाही, ओव्हनमध्ये होतात ते रोडगे नव्हेत. तरी सगळे चांगले म्हणतील, कारण सगळे तुमच्या डब्यांचे देणेकरी आहेत.

9. शिवार फेरी काढा

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 20 ऑक्टोबर 1969 रोजी स्थापन झालं. तिथे शिवार फेरी असते. शेतकरी गाड्या भरून येतात, प्रत्यक्ष उभी पिकं बघतात, वाफ्यासमोर वाणाची पाटी वाचतात, शास्त्रज्ञाला नको ते प्रश्न विचारून त्याला घाम आणतात. तुम्हीही गच्चीवर फेरी काढा. ती दोन मिनिटांत संपते, म्हणून मध्ये चहा ठेवा. कुंड्यांना पाट्या लावा: 'वांगे. वाण: आठवत नाही. पेरणी: सासूबाई आल्या होत्या तेव्हा.'

प्रेरणा मोठी घ्या. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना, 1959 साली, दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्यासाठी आले होते. पापळसारख्या खेड्यातून निघालेला माणूस एवढं करतो, तर तुमच्या गच्चीवर निदान मेव्हणा तरी यायला हवा.

10. गावाकडचे सासरे आले, तर फेरी रद्द समजा

ते दर्यापूरकडून सकाळच्या एसटीने येतात. परतीच्या पावसात त्यांची सोयाबीनची गंजी भिजलेली असते, शेंगांना कोंब फुटलेले असतात, पण ते त्याबद्दल बोलत नाहीत. तुम्ही गच्ची दाखवल्याशिवाय राहणार नाही, तेव्हा संवाद साधारण असा होईल:

"माती इकत आनली का, जवाईबुवा?"

"माती नाही मामाजी, कोकोपीट."

"कितीले?"

तुम्ही रक्कम सांगाल. ते कुंडीत बोट खुपसतील, बाहेर काढून बघतील, धोतराला पुसतील. मनात त्यांच्या पाच एकरांचा गुणाकार चाललेला असेल. तो पूर्ण होऊ द्या.

"अन् पानी?"

"फिल्टरचं."

"मंग मले इथंच लावा ना कामाले. रोज काय देता?"

इथे हसावं. ते हसत नसले तरी.

ते येताना पोतडी घेऊन आलेले असतात: सीताफळं, अंबाडी, चवळीच्या शेंगा, घरची उडदाची डाळ. ती ते स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवतात आणि तिच्याविषयी एक शब्द बोलत नाहीत. डबा नाही, नाव नाही, फोटो नाही. वसुलीचं तंत्र त्यांना अजिबात माहीत नसतं. तुम्ही त्यांना शिकवायला जाऊ नका. जाताना त्यांच्या रिकाम्या पोतडीत दोन दोडके घाला आणि सासूबाईंना सांगायला सांगा की घरचे आहेत.

11. वेल वाळला की बाजारात जा

कार्तिक सरता सरता मांडव पिवळा पडतो आणि घरात पुन्हा भाजीची पिशवी निघते. अमरावतीकरांनी इतवाऱ्यात जावं, अकोलेकरांनी जनता भाजी बाजारात. दुकानदाराकडे जाऊ नका. कडेला पोतं अंथरून बसलेली एखादी मावशी शोधा, जिच्यापुढे स्वतःच्या वावरातली वांगी असतील. आता तुम्ही नुसते गिऱ्हाईक नाही. तुम्ही जाणकार आहात. तिला विचारा, "औषध मारलं का?" ती म्हणेल, "मारलं ना भाऊ, नाही तर काय अळीले जेवू घालू?" मग तिला जीवामृत समजावून सांगा. एकराचं माप तोंडपाठ असलं पाहिजे. ती ऐकेल. मध्येच दुसरं गिऱ्हाईक करेल, पैसे घेईल, सुटे देईल आणि पुन्हा ऐकेल.

शेवटी मोबाइल काढा आणि तुमच्या वांग्याचा तो फोटो दाखवा, ज्याच्याखाली सगळ्या नातेवाइकांनी हात जोडले होते. मावशी डोळे बारीक करून बघेल.

"किडकं हाय ना भाऊ. भोक पहा, देठापाशी."

फोटो मोठा करू नका. मोबाइल खिशात ठेवा, चेहरा सरळ ठेवा. तिने किलोला चाळीस सांगितले असतील तर पस्तीसला मागा, 'कालच तीसने घेतली' म्हणा, उठून दोन पावलं चाला. ती बोलावेलच, संध्याकाळची एसटी तिलाही गाठायची असते. आणि वांगी पिशवीत पडली की मूठभर सांभार वरून मागा. तो काही विकत घ्यायचा नसतो.